चालू मशीनची चिप

बारामतीच्या एमआयडीसीत मोहनरावांचं वर्कशॉप होतं. साखर कारखान्यांना लागणारे गिअर, शाफ्ट, रोलर असलं जड सामान तिथं बनायचं, आणि त्या सगळ्याची ड्रॉइंग काढायची विजयमाला ओव्हाळ. आयटीआयचा कोर्स करून ती इथं लागली, तेव्हा काम बोर्डावर टी-स्क्वेअर लावून शाईच्या पेननं चालायचं. दोन वर्षांपूर्वी ते कॉम्प्युटरवर आलं. साधा कॉम्प्युटर नव्हे, वर्कस्टेशन. पाहुण्यांना ते दाखवताना मोहनराव त्यांना चपला बाहेर काढायला लावत.

१९९९च्या ऑगस्टात एका बड्या गिऱ्हाइकाचं पत्र आलं. सन दोन हजार उजाडलं की कॉम्प्युटर गोंधळतील आणि १९०० साल धरून बसतील, तेव्हा माल पुरवणाऱ्या प्रत्येकानं आपली यंत्रं तयार करून ठेवावीत, तपासायला आमचा माणूस येईल, असा त्यातला मजकूर. मोहनरावांनी पत्र तीनदा वाचलं आणि कामाला लागले. 'सन २००० तयार' असे स्टिकर छापून घेतले. लेथला लावले, ड्रिलला लावले, पाण्याच्या कूलरला लावले. वॉचमन रावजीनं चेष्टेनं विचारलं, "सायेब, माज्या सायकलीला?" मोहनराव क्षणभर विचारात पडले आणि त्यालाही एक दिला.

"साहेब, ड्रॉइंगला साल लागत नाही," विजयमाला म्हणाली. "रेघ आज मारली काय आणि दोन हजारात मारली काय, तेवढीच लांब."

"पत्रात सगळी यंत्रं म्हटलंय," मोहनराव म्हणाले.

मग वर्कस्टेशनचा बायोस बदलायचं ठरलं. बायोस म्हणजे मशीन चालू झालं की सगळ्यात आधी जागा होणारा बारका प्रोग्राम. एका चिपमध्ये राहतो आणि बाकीच्यांना उठवतो. तो नव्यानं लिहिताना मधेच वीज गेली तर मशीन पुन्हा उठत नाही. विजयमालानं हे मोहनरावांना दोनदा बजावलं होतं. पण वीज गेली तर सांभाळणारा यूपीएस त्या दिवशी जागेवर नव्हता. त्याला सन दोन हजारचा दाखला हवा म्हणून मोहनरावांनीच तो पुण्याला धाडला होता.

तपासणीच्या आदल्या दिवशी सकाळी नारळ फुटला, उदबत्ती लागली आणि विजयमालानं फ्लॉपी आत सारली. पडद्यावरची पट्टी अर्ध्यावर आली. मोहनरावांना राहवेना. "मशीनवर ताण नको. मी बाकीचा लोड कमी करतो," म्हणत ते भिंतीवरच्या बोर्डाकडे गेले. पहिलं बटण दाबलं, पंखा बंद झाला. दुसरं दाबलं, ट्यूब गेली. तिसरं दाबलं आणि वर्कस्टेशन गेलं.

विजयमालानं ज्या दुकानातून मशीन घेतलं होतं तिथं पुण्याला फोन लावला. तिथला इंजिनिअर सुमित म्हणाला, "मशीनच्या आतला बोर्ड पाठवून द्या मॅडम. तीन आठवडे लागतील."

"उद्या अकराला तपासायला माणूस येतोय."

सुमितचा आवाज एकदम खाली आला. "तसाच बोर्ड असलेलं दुसरं मशीन मिळालं, तर एक उपाय आहे. ते चालू करायचं. चालू असतानाच त्याची बायोसची चिप उपटायची, त्या जागी तुमची मेलेली चिप बसवायची आणि प्रोग्राम पुन्हा लिहायचा."

"चालू मशीनमधून?"

"एकदा उठलं की बायोस मेमरीत उतरलेला असतो. चिप काढलेली मशीनला कळत नाही."

"आणि कळलं तर?"

"तर दोन मशीन मेली. मी सांगितलं असं कुठं बोलू नका. तसलं मशीन तुमच्या बाजूला एकच गेलंय. इंदापूरला, संभाजी व्हिडिओवाल्याकडं. लग्नाच्या कॅसेटी करतो."

विजयमालानं मेलेली चिप काढली, चांदीच्या कागदात गुंडाळली आणि आपल्या कंपासपेटीत ठेवून इंदापूरची एसटी धरली. पेटी ती दोन्ही हातांनी मांडीवर धरून बसली होती. शेजारच्या बाईनं न राहवून विचारलं, "दागिना हाय का?"

"त्याहून अवघड आहे मावशी," विजयमाला म्हणाली.

स्टँडजवळच्या जिन्यानं ती संभाजीच्या स्टुडिओत पोचली तेव्हा तीन वाजले होते. आत संभाजी मान खाली घालून बसला होता, आणि त्याच्यासमोर सतरंजीवर भाकरीचं फडकं सोडून नरसिंहपूरकडचे महिपती कोकरे बसले होते. मे महिन्यात त्यांच्या मुलाचं लग्न झालं होतं आणि कॅसेट अजून मिळाली नव्हती. आज ती घेतल्याशिवाय उठायचं नाही असं ठरवूनच ते आले होते.

विजयमालानं आपलं काम सांगितलं. संभाजी ताडकन उठला. "चालू मशीनमधनं चिप? न्हाय मॅडम, न्हाय! तात्यांचं लगीन हाय त्यात!"

"माझं न्हाय, पोराचं," महिपती म्हणाले.

"मूळ कॅसेट असेल ना?" विजयमालानं विचारलं.

संभाजीनं छताकडं बघितलं. "तिच्यावर एक बारसं शूट झालंय."

महिपतींनी हातातला घास खाली ठेवला. संभाजी भिंतीला टेकेपर्यंत मागं सरला. विजयमाला घाईघाईनं म्हणाली, "तात्या, लग्न त्या चिपमध्ये नाही. ते वेगळ्या डब्यात असतं, हार्डडिस्कमध्ये. मशीन मेलं तरी लग्न राहील. फक्त ते बघायला दुसरं मशीन शोधावं लागेल."

"म्हंजी लगीन घरात आन् दाराला कुलूप."

"तसंच."

"आन् तुजं मशीन कशानं मेलं, बाई?"

तिनं खरं ते सांगितलं. पत्र, कूलरचा स्टिकर, सायकल, नारळ, तिसरं बटण. महिपती हसायला लागले ते ठसका लागेपर्यंत. पाणी प्यायल्यावर ते संभाजीकडं वळले. "चार म्हैने मला फिरवलंस. माज्या पोराच्या लग्नावर बारसं घेतलंस. आता गप बस. बाई, तू तुजं काम कर."

विजयमालानं मशीन बंद करून डबा उघडला. स्क्रूड्रायव्हरनं चिप चारी बाजूंनी सैल केली, तिच्याखालून शिवणाचा दोरा ओवला, आणि मशीन चालू केलं. आपली फ्लॉपी आत सारली तर मशीन ती वाचेना. एसटीत काय झालं कोण जाणे. पण संभाजीचा बायोस नवाच होता, दोन महिन्यांपूर्वी सुमितनं बदलून दिलेला. तिनं त्याचीच नक्कल कोऱ्या फ्लॉपीवर उतरवून घेतली.

आता दोरा ओढायचा होता. तिनं टोक धरलं, पण दोरा सरळ राहीना. बारा वर्षं ह्याच हातानं तिनं केसासारख्या रेघा मारल्या होत्या. सोडून पुन्हा धरलं. पुन्हा तेच.

"सरक," महिपती म्हणाले. "काय उपटायचंय?"

"तात्या, सरळ वर. वाकडी झाली तर पाय तुटतील. बाकी कशाला हात लागायचा नाही."

"मेंढराच्या खुरातला काटा असाच काढत्यात. मेंढरू बी चालूच असतंय." त्यांनी दोन बोटांनी दोऱ्याला अंदाज घेतल्यासारखं केलं, आणि चिप वर आली. मशीनचा पंखा फिरतच होता. पडद्यावरचा ठिपका लुकलुकतच होता. आपला मेंदू गेल्याची त्याला दादच नव्हती.

विजयमालानं श्वास रोखून मेलेली चिप त्या जागी दाबली आणि लिहायचा हुकूम दिला. संभाजी मेन स्विचसमोर हात पसरून उभा राहिला, कुणी पोलीस आला असता तरी त्यानं हात लावू दिला नसता. महिपतींनी डोळे मिटून तोंड गच्च बंद केलं. पट्टी पुढं सरकली, अर्ध्यावर आली, अर्ध्याच्या पुढं गेली, आणि पडद्यावर काम झाल्याची ओळ उमटली.

"सोडा श्वास, तात्या," विजयमाला म्हणाली.

मशीन बंद करून संभाजीची चिप तिच्या जागी गेली. ते पहिल्यासारखं उठलं तेव्हा संभाजीनं विजयमालाला दोन चहा पाजले, आणि महिपतींच्या देखत लग्न जोडायला बसला.

संध्याकाळी सहाला वर्कशॉपमध्ये तिनं चिप बसवली. ह्या खेपेला मोहनराव हात मागं बांधून लांब उभे होते. बटण दाबलं. बीप झाला. पडद्यावर आधी दोन फुलांच्या माळा उमटल्या, आणि त्यांच्या खाली इंग्रजीत अक्षरं: संभाजी व्हिडिओ, इंदापूर. मग मशीन नेहमीसारखं सुरू झालं.

"हे काय?" मोहनरावांनी विचारलं.

विजयमालानं ह्या माळा इंदापूरलाही पाहिल्या होत्या, पण त्या संभाजीच्या हार्डडिस्कमधल्या असतील असं तिला वाटलं होतं. तिनं त्याला फोन लावला. "व्हय मॅडम," संभाजी म्हणाला, "सुमितभाऊनं बायोस बदलताना माजं चित्र आत घातलंवतं. नकलंबरोबर आलं आसंल. ऱ्हावू द्या की, जाहिरात हुईल."

दुसऱ्या दिवशी अकराला तपासणीचा माणूस आला. गंभीर, टाय लावलेला. त्यानं मशीन चालू केलं, माळा पाहिल्या, मोहनरावांकडं पाहिलं. मोहनराव खिडकीबाहेर पाहत होते. मग त्यानं मशीनच्या घड्याळात ३१ डिसेंबर १९९९, रात्रीचे अकरा एकोणसाठ भरले आणि तिघं एक मिनिट गप्प बसले. साल दोन हजार झालं. काहीच झालं नाही. समाधानानं त्यानं फॉर्म भरायला घेतला. 'बायोस कुणाचा?' ह्या रकान्यापाशी तो अडला, पुन्हा मशीन चालू केलं आणि पडद्यावर दिसलं ते जसंच्या तसं उतरवून शिक्का मारला.

ह्या दाखल्याची झेरॉक्स संभाजीनं मागून घेतली आणि फ्रेम करून स्टुडिओत लावली. मोठ्या कंपनीचा शिक्का, त्यात आपलं नाव. महिन्याभरात आसपासची माणसं त्याला विचारायला लागली, आमचं हे चालंल का दोन हजारात, ते चालंल का. त्यातलं काहीच त्याला कळत नसल्यानं तो सगळ्यांना वर्कशॉपचा पत्ता देऊ लागला.

पहिलं पोस्टकार्ड लोणी भापकरच्या एका पिठाच्या गिरणीवाल्याचं आलं. गिरणी जुनी हाय, धोका हाय का, कळवावं. विजयमालानं ते दोनदा वाचलं. हसू आलं, पण माणसानं पैसे घालून कार्ड टाकलं होतं. तिनं ड्रॉइंग बाजूला सारलं आणि ठसठशीत अक्षरात उत्तर लिहिलं: 'आपल्या गिरणीला साल कळत नाही. पट्टा तेवढा तपासून घ्यावा. आपली, विजयमाला ओव्हाळ, ड्रॉइंग विभाग.'