फुकटची बिडी

परभणीच्या डॉक्टरनं छातीचा फोटो उजेडाला धरला. "फुफ्फुस निम्मं गेलंय. आता ओढलीत तर घरात ऑक्सिजनचं मशीन आणावं लागेल." एवढ्यानं पेडगावचा बन्सीधर हलला नाही. त्याच आठवड्यात बिडीचं बंडल महागलं, तेव्हा हलला. त्यानं बिडी विकत घेणं सोडलं. बायको, धुरपताबाई, खूश झाली.

बालाजीच्या पंक्चरच्या दुकानापुढं बाकडं होतं, बन्सीधर रोज तिथं बसायचा. तिथला रिवाज असा, की बिडी काढणाऱ्यानं ती आधी शेजाऱ्यापुढं धरायची. पुढच्या खेपेला शेजाऱ्यानं आपली काढायची. पण आजारी माणसाकडं परतफेड कोण मागतो? विकत घ्यायचा तेव्हा स्वतःची बिडी बन्सीधर निम्मी ओढून विझवायचा, उरलेली कानावर ठेवायचा. लोकांची कशाला विझवायची? ती तो दोऱ्यापर्यंत ओढू लागला. मग दम लागून अंगण ओलांडतानाही मधे बसावं लागू लागलं.

धुरपताबाईला संशय आला. एका सकाळी ती बाकड्यापाशी गेली, बघितलं. भांडली नाही, भांडायलाही ताकद लागते. तिनं बंडल विकत आणलं आणि नवऱ्याच्या खिशात घातलं.

"भाऊ हो, ह्यांच्याकडं आता सवताची बिडी हाय. सगळ्यांनी फेड करून घ्या."

"लय दिवसांची हाय की, वैनी!" शेजारचा चंद्रभान हसला. "काढा बन्सीभाऊ."

बन्सीधरनं खिसा दाबून धरला. "घरी काम हाय," म्हणत उठला.

पुन्हा तो बाकड्याकडं फिरकला नाही. बंडल फोडलं तर वाटावं लागणार. घरी एकट्यानं ओढावी, तर चंद्रभानचं घर भिंतीला भिंत लावून. वासावर फेड मागायला आला असता. बंडल तसंच राहिलं. खोकला उतरला.

आठवड्यानं चंद्रभानच आला. "रुसलाव का काय?" म्हणत त्यानं बिडी पुढं धरली. बन्सीधरचा हात निम्म्यात गेला.

"घ्या की," धुरपताबाई चुलीपासून म्हणाली. "पण मंग तुमचं बंडल बी काढा."

हात माघारी आला. "नको मला."

"माझी बिडी नको?" चंद्रभाननं बिडी खिशात घातली. "बरं हाय. राहू द्या." चहा न घेताच तो गेला.

तो चहा बन्सीधरनं न खोकता प्यायला. बाकड्यावरचं हसणं घरापर्यंत येत होतं.

"दम बरा हाय का?" धुरपताबाईनं विचारलं.

"बरा हाय. पण बोलू कुणाशी?"

"माझ्याशी बोला."

दोघंही बराच वेळ बसून राहिले. काही सुचेना.