हिरवी बदकं

विमानात पाऊल टाकलं आणि गुलाबाचा भपकारा नाकात शिरला. तिथेच मी ओळखलं, इथे कुठेतरी पाणी मुरतंय.

विमानाला स्वतःचा वास असतो. गरम प्लॅस्टिकचा, तेलाचा, जुन्या गालिच्याचा, हजारो लोकांच्या मोज्यांचा. तो छान नसतो, पण खोटाही नसतो. गुलाबाच्या वासाचं विमान मी उभ्या नोकरीत पाहिलं नव्हतं. लग्नाच्या हॉलमध्ये शिरतोय की काय असं वाटलं.

मी विमानांच्या वायरिंगचा तपासनीस, सरकारी खात्यातला. कंपन्या वायरी नीट राखतात का ते बघायचं आणि राखत नसतील तर विमान जमिनीवर बसवायचं, हे माझं काम. हँगरमधली, म्हणजे विमानं दुरुस्त होतात त्या शेडमधली मंडळी पाठीमागे मला नाकपुडीसाहेब म्हणतात, कारण टॉर्च लावायच्या आधी मी हुंगतो. करपलेल्या वायरीचा वास वेगळा, गळक्या तेलाचा वेगळा, उंदराच्या लेंड्यांचा तर विचारूच नका. लोकांना वाटतं विमान म्हणजे सगळं चकचकीत. अहो, त्या चकचकीत भिंतींच्या मागे काय साठतं ते पाहिलंत तर तुम्हाला दोन दिवस घास उतरणार नाही. माणसांचे केस, कातडीचा भुगा, कपड्यांचे धागे, सांडलेली कॉफी, सगळं मिळून वायरींच्या जुडग्यांवर करड्या गोधडीसारखं बसतं. वाळलं की एका ठिणगीला पेटतं. मला त्याची किळस येते. इतकी वर्षं झाली तरी येते, आणि येते म्हणूनच मी या कामाला लायक आहे असं माझं मत आहे.

"कसं वाटतंय साहेब?" मॅनेजरनं हात चोळत विचारलं. हँगरचा सगळा कारभार याच्याकडे. सदा हसतमुख, शर्टाला कायम कडक इस्त्री. विमानांच्या हँगरमध्ये कुणाच्या शर्टाची इस्त्री संध्याकाळपर्यंत टिकत असेल तर त्या माणसावर माझा विश्वास बसत नाही.

"गुलाब कुणी शिंपडला?"

"प्रवाशांना जरा प्रसन्न वाटावं म्हणून, साहेब."

"प्रवासी कुठे आहेत?"

तो हसला. डोळ्यांत धूळ फेकणारे मी पुष्कळ पाहिलेत, पण नाकात अत्तर फेकणारा हा पहिलाच.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. माझा जावई याच कंपनीत आहे. मी खात्याला तसं रीतसर कळवलं होतं. तो चाकं आणि ब्रेकच्या दुरुस्तीकडे होता, वायरींशी त्याचा काही संबंध नव्हता, म्हणून खात्यानं मला इथली तपासणी करायला हरकत घेतली नाही. जावई चांगला आहे. अबोल, सरळ, जरा भिडस्त. माझी मुलगी त्याच्या दुप्पट बोलते, म्हणून दोघांचं छान जमतं. त्यांना सहा महिन्यांचं बाळ आहे आणि त्याच्या डायपरचा खोका दर महिन्याला आजोबांकडून, म्हणजे माझ्याकडून जातो. पिवळ्या बदकांचं चित्र असलेले डायपर. नातू ती बदकं बघून हात हलवतो, म्हणून तेच आणायचे असा मुलीचा हुकूम आहे. अलीकडे तिची एकच तक्रार होती. "बाबा, हा पोरगा रात्रंदिवस नुसता ओलाच असतो की काय? महिन्याचा खोका पंधरवड्यात संपतो. डॉक्टरांना दाखवू का?"

मी म्हणालो होतो, दाखव.

तर, गुलाबाचा माग काढत मी निघालो. शेपटाकडच्या शौचालयापाशी तो सगळ्यात दाट होता. शौचालयाच्या बरोबर खाली सामानाचा कप्पा असतो, आणि त्या कप्प्याच्या छताआड, पॅनेलच्या मागून, वायरींचा एक जाड जुडगा शेपटापर्यंत जातो. मी कप्प्यात शिरलो. तिथे तर अत्तराची बाटलीच उपडी केली असावी. डोकं भणभणायला लागलं. गुलाबाच्या खालून मात्र दुसरा वास हळूच डोकं वर काढत होता. तो कशाचा, ते मी सांगत बसत नाही. तुम्हीही शौचालयात जाता.

"तिकडे काही नाही साहेब," मॅनेजर बाहेरून म्हणाला. "उगाच कपडे खराब होतील."

मी उताणा झोपलो आणि पॅनेलचे स्क्रू काढायला लागलो. शेवटचा स्क्रू निघाला, पॅनेल खाली आलं, आणि त्याच्याबरोबर काहीतरी थंड, जड, फुगलेलं थपकन माझ्या छातीवर पडलं. हनुवटीवर शिंतोडे उडाले. शौचालयाच्या टाकीत घालतात ते निळं औषधी पाणी, आणि त्यात जे जे काय मिसळलेलं असतं ते. मी ओठ घट्ट मिटून घेतले.

मग ती वस्तू दोन बोटांनी उचलून टॉर्चसमोर धरली. बाळाचा डायपर होता, भिजून उशीएवढा झालेला. त्यावरच्या बदकांवर निळं पाणी चढलं होतं आणि ती हिरवी झाली होती.

बदकांचे डायपर जगात मी एकटाच विकत घेत नाही, हे मला कळतं. पण वर अजून तीन-चार कोंबलेले दिसत होते आणि ते लाल चिकटपट्टीनं बांधले होते. ती पट्टी वायरिंगवाले वापरत नाहीत, चाकांच्या दुरुस्तीत वापरतात. आणि मी मॅनेजरकडे बघितलं तर तो डायपरकडे बघत नव्हताच. तो माझ्या तोंडाकडे बघत होता.

मी टॉर्च वर धरली. वरच्या नळीच्या सांध्यातून थेंब थेंब गळत होतं. खाली जुडगा. डायपर गळणारं पाणी पितो हे खरं, पण पिऊन झाल्यावर ते पाणी वायरींना चिकटवून बसतो, आठवडेच्या आठवडे. त्यापेक्षा नुसतं ठिबकलं असतं तर परवडलं असतं. वायरींची आवरणं तडकली होती, फटींतून तांबं दिसत होतं, आणि एके ठिकाणी नखाएवढा काळा डाग होता. म्हणजे ठिणगी पडून गेली होती. अशी ठिणगी इतकी चिमुकली असते की वीज तोडणारा ब्रेकर पडत नाही, वैमानिकाला धोक्याचा दिवा दिसत नाही, कुणाला काही कळत नाही. ती परत पडते, आणि परत, आणि एक दिवस शेजारची गोधडी पेटते. तेव्हा विमान ढगांच्या वर असतं. तिथे बंब येत नाही.

"कुणाचं काम हे?" मी विचारलं. उत्तर मला माहीत होतं.

"आता काय सांगायचं, साहेब," मॅनेजर आत वाकला. आवाजात अगदी मध. "घरातलीच गोष्ट आहे. चाकांकडे माणसं जास्त झाली होती, म्हणून गेल्या तपासणीनंतर जावईबापूंना इकडे घेतलं. हुशार आहेत. फार पुढे जातील."

"मुद्दाम घेतलंत."

"छे छे! पण आता बघा ना. तुम्ही हे लिहिलंत तर आमचे वकील म्हणणार, जावयाचं काम सासऱ्यानं तपासलं, अहवाल रद्द करा. नाही लिहिलंत, तर आम्ही आत्ता सगळं पुसून काढतो, वर नवं आवरण चढवतो, संध्याकाळी विमान वेळेवर जातं. जावईबापूंचं लायसन्सही सुखरूप, लेकीचा संसारही सुखात. कुणाचं काय बिघडलं?"

छातीवर अजून ते निळं पाणी होतं. पण खरं सांगतो, तेव्हा मला त्या पाण्याचं काही वाटेनासं झालं. त्या इस्त्रीच्या शर्टाची इतकी शिसारी आली की वाटलं, हा डायपर त्याच्या हसऱ्या तोंडावर फेकून मारावा.

मी फेकला नाही. फोन काढला आणि खात्याला कळवलं की नात्याचा प्रश्न निघालाय, मी यातून बाजूला होतोय, दुसरा तपासनीस पाठवा. दुसऱ्या शहरातल्या कचेरीतून एक मॅडम दुपारपर्यंत पोचू शकत होत्या.

"तोवर या भोकाला कुणी हात लावायचा नाही," मी मॅनेजरला सांगितलं. "मी इथेच बसतोय."

"या वासात?"

"तुमच्या गुलाबापेक्षा बरा आहे."

आणि मी बसलो. मॅनेजरनं चहा पाठवला, मी परत केला. पंखा पाठवला, तो ठेवून घेतला. मग सफाईवाल्यांना पाठवलं, त्यांना मी बादल्यांसकट पिटाळलं. शेवटी त्यानं जावयाला पाठवलं.

जावई कप्प्याच्या तोंडाशी ओणवा उभा राहिला. चेहरा उतरलेला. मी त्याला आजवर अहोजाहो करत आलो. लग्नाच्या दिवसापासून एकदाही चुकलो नव्हतो.

"हे तू केलंस?" मी म्हणालो.

तो खाली बसला. "सांध्याचं रबर मिळत नव्हतं, बाबा. मॅनेजरसाहेब म्हणाले, येईपर्यंत काहीतरी कर."

"मग भांडारातून शोषकपट्ट्या घ्यायच्या."

"भांडारातून काही घेतलं की नोंद होते. नोंद झाली की दुरुस्ती होईपर्यंत विमान थांबवावं लागतं. साहेब म्हणाले, घरून काहीतरी आण."

"आणि तू माझ्या नातवाचे डायपर आणलेस."

तो माझ्या शर्टावरच्या निळ्या डागाकडे बघू लागला.

"घाण नाही वाटली?"

"पहिल्यांदा वाटली. घरी जाऊन ओकलो होतो." तो हळूच म्हणाला. "नंतर सवय झाली. विमान परत आलं की बदलायचे, एवढंच."

हे ऐकून मात्र माझा संताप अनावर झाला. "सवय? अरे, बाळाचा लंगोट बदलावा तसा तू या विमानाचा बदलत होतास? तो डाग बघ तिथे वर! बघ म्हणतो ना! ती ठिणगी आहे. तुझ्या डायपरखाली पडलेली. दर खेपेला दीडदोनशे माणसं यात बसून गेली, आणि तुला सवय झाली!"

त्यानं टॉर्च घेतली, वर पाहिलं. मग म्हणाला, "मला वाटलं होतं, मी निदान वायरींवर ठिबकू तरी देत नाहीये."

त्याला ते खरंच वाटलं होतं. भिडस्त माणसाला कुणी काहीही खरं वाटायला लावू शकतं.

"मॅडम आल्या की त्या विचारतील, कुणी केलं," मी म्हणालो. "मी तोंड उघडणार नाही. मी उघडलं तर सगळं रद्द होईल. तू गप्प बसलास तर हे सफाईवाल्यांवर ढकलतील. तू बोललास तर तुझं लायसन्स जाईल. ठरव."

"घरी काय सांगू?"

"ते मलाही माहीत नाही."

दुपारी मॅडम आल्या. ठेंगण्या, चष्मेवाल्या, कमी बोलणाऱ्या. हातमोजे चढवून आत शिरल्या, सगळं पाहिलं, फोटो काढले, बाहेर आल्या आणि हातमोजे काढून कचऱ्यात टाकले.

"हे कुणी लावलं?"

"चौकशी चालू आहे आमची," मॅनेजर म्हणाला. "आम्हालाही धक्काच बसलाय. सफाईवाल्यांपैकी कुणीतरी असावं, ही माणसं कुठेही काहीही कोंबतात."

मी खाली बघत उभा होतो. माझा शर्ट वाळून कडक झाला होता. जावई माझ्या मागे होता. त्याचा श्वास मला ऐकू येत होता.

"मी लावलं," तो म्हणाला. "दर फेरीनंतर मीच बदलायचो. साहेबांनी सांगितलं होतं म्हणून. मी वर हात घातला की साहेब खाली उभं राहून टॉर्च धरायचे."

मॅनेजरचं हसू तोंडावरच थिजलं.

"अजून दोन विमानांत आहेत," जावई म्हणाला. "त्यातलं एक आत्ता हवेत आहे."

हे त्यानं मलाही सांगितलं नव्हतं. मॅडमनी चष्मा काढला आणि फोन कानाला लावला. हवेतलं विमान जवळच्या विमानतळावर उतरवलं जाईपर्यंत मी हँगरच्या दारात आभाळाकडे बघत उभा होतो. मी तेव्हा गुलाबाचा वाससुद्धा विसरलो होतो.

विमान सुखरूप उतरलं. तिन्ही विमानं उघडली गेली. विमान उडण्यालायक आहे अशी सही करायचा मॅनेजरचा अधिकार काढून घेतला, पण कंपनीनं त्याला घरी बसवलं नाही. दुसऱ्या विभागात पाठवलं. तिथली खुर्ची जरा मोठी आहे म्हणतात. कंपनीनं खात्याला कळवलं की यापुढे विमानांत सुगंधी द्रव्य फवारलं जाणार नाही. वाचून मी थुंकलो. जावयाचं लायसन्स वर्षभरासाठी गेलं. तो आता सायकलींच्या दुकानात चाकं दुरुस्त करतो.

मुलगी माझ्याशी बोलेना. खोका मी दारात ठेवून यायचो, ती आत घ्यायची, पण दार पूर्ण उघडायची नाही. मग एका रविवारी सकाळी ती स्वतःच आली. बाळ काखेत, मागे जावई. काही न बोलता तिनं नातवाला माझ्या मांडीवर ठेवलं आणि शेजारी एक डायपर ठेवला.

"तुम्ही बदला," ती म्हणाली. "घरात सगळं मलाच करावं लागतं. तुमच्या जावयाला ते पाकीट हातात धरवत नाही. नुसती बदकं दिसली तरी मोरीकडे धावतो."

मी नातवाला बदललं. बदकं पिवळीधमक होती. पोरानं त्यांच्याकडे बघून हात हलवले. जावई दाराशीच उभा होता.

मग तो पुढे आला आणि दोन्ही हात माझ्यासमोर धरले. घासून घासून लाल झाले होते, बोटांच्या पेरांवर कातडी निघाली होती.

"बाबा, तुमचं नाक तिखट आहे," तो म्हणाला. "जरा बघून सांगता? अजून येतोय का?"

मी हात हुंगले. साबणाचा वास होता, दुसरं काही नाही.

"येतोय," मी म्हणालो. "येऊ दे."