देव आधी हलले

आमचं घर विकलं जायच्या आधीच माझ्या बायकोनं, सोजरानं, किकवीतल्या घराचा इसार देऊन टाकला. मी भडकलो. "आदी हे तरी खपू दे! डोस्कं फिरलंय का तुजं?"

तिनं देव्हाऱ्यातले टाक फडक्यात बांधले आणि एसटीनं किकवीला बहिणीकडं नेऊन ठेवले.

वर्षभर घर नुसतं बघून जाणारे कोंढाळकर पुन्हा आले. रिकामा देव्हारा बघून तिथंच व्यवहार पक्का केला.

"इतके दिस का थांबला?" मी चिडूनच विचारलं.

"देव हितं व्हतं. बसल्या देवाला ऊठ कसं म्हनायचं?"

मी बायकोकडं बघतच राहिलो. लई पुढचं बघणारी बाई!

ती म्हणाली, "देव उठलं. आता तुमी कदी उठताय?"