चार बोटं माया

सुनेने त्या घरात एकही जुनी चादर जिवंत ठेवली नव्हती. चादरींच्या भाजीच्या पिशव्या झाल्या, अभ्र्यांची हातपुसणी झाली, नवऱ्याच्या विटक्या पॅंटींमधून गरम भांडी धरायचे जाड चौकोन निघाले. नवरा म्हणे, आता शर्ट काढून आंघोळीला जायचीही भीती वाटते, बाहेर येईपर्यंत त्याचं फडकं झालेलं असतं. शेवटी पिशव्या इतक्या साठल्या की त्या ठेवायला आणखी एक पिशवी शिवावी लागली.

शिवायची नाही ती एकच गोष्ट. पाचवा महिना सरत आला होता आणि ती अजून जुनेच ड्रेस अंगात कोंबत होती. बाजूची शिवण उसवून तिथे सेफ्टी पिन, वरून सैल जाकीट. ग्रंथालयात ती काउंटरमागून उठायचंच टाळायची. कुणी विचारलंच, तर हल्ली वजन वाढलंय म्हणायची.

कारण घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मागच्या वेळी तिसरा महिना लागताच तिने हौसेने पिवळा ढगळ झगा शिवला होता, आणि तो एकदाही अंगाला लागण्याआधी सगळं संपलं. झगा तिने स्वतःच कापला आणि त्याची फरशी पुसायची फडकी केली. तेव्हापासून तिच्या मनाने घेतलं, की आपण घाई केली म्हणून ते झालं. डॉक्टरांनी समजावलं, नवऱ्याने समजावलं. पण दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. त्याला ताक थंड असल्याचं सांगून उपयोग नसतो.

सासू समजावण्याच्या भानगडीत पडली नाही. एका सुट्टीच्या दिवशी तिने निळं सुती कापड आणून जेवणाच्या टेबलावर पसरलं, आणि मला गाऊन शिवायचाय, जरा कापायला ये म्हणाली. सासू अंगाने काडी. त्या कापडात तशा तीन सासवा सहज मावल्या असत्या. ताकाला जाऊन भांडं लपवायचं, तर निदान भांडं तरी लहान असावं. सुनेला सगळं कळलं, पण ती गुपचूप खडूने रेघा मारायला बसली.

बाजूच्या शिवणीला चार बोटं माया सोड, असं सासूने सांगितलं. एवढी कशाला, एक बोट पुरते, असं सून म्हणाली. सासूचं उत्तर तयार होतं: आपण आता जाड व्हायचं ठरवलंय. सुनेला हसू आलं. हसता हसताच तिचा खडू थांबला आणि डोळे भरून आले.

“मागच्या वेळी मीच घाई केली, आई.”

सासूने ओठांत धरलेल्या टाचण्या काढून बाजूला ठेवल्या.

“कापडाला काय कळतंय गं? ते कुणाचं वाईट करत नाही. आपण माया ठेवायची. लागली तर उसवून घ्यायची, नाही लागली तर राहते आत. म्हणून कुणी ठेवायचीच नाही का?”

शिवणीतल्या जादा कापडाला माया का म्हणतात, हे इतकी वर्षं मशीन चालवूनही सुनेच्या मनात कधी आलं नव्हतं. तिने नाक पुसलं आणि कात्री उचलली. पाठ कापली, बाह्या कापल्या. चार बोटं म्हणजे कुणाची, असंही मध्येच विचारलं, कारण सासूची बोटं फारच बारीक होती. सासूने तिलाच स्वतःची बोटं लावायला सांगितली.

पुढचा भाग कापायची वेळ आली आणि ती पुन्हा थांबली. आता ही कात्री खाली ठेवते की काय, असं सासूला वाटलं.

“आई, पुढचा भाग सलग नको,” सून म्हणाली. “दोन्ही बाजूंना उभ्या चेन लावू या.”

“अगं, मला कशाला हव्यात चेन?”

सुनेने मान वर केली नाही. ती कापडाची सुरकुती हाताने सरळ करत राहिली.

“पाजायला बऱ्या पडतील.”

कोपऱ्यावरच्या दुकानातून चेन आणायला सासू तशीच निघाली, गळ्यात लटकणाऱ्या मापाच्या टेपसकट.