पडद्यावरचा हात

१९९८ साली सांगलीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात, कॉम्प्युटरच्या पडद्यावर एक हात होता. राखाडी, ओबडधोबड, नुसता चित्रातला. माणसाच्या कातडीवर चकत्या चिकटवल्या की स्नायूतला विजेचा बारीकसा इशारा तारेतून जाई आणि पडद्यावरची मूठ मिटे. शेवटच्या वर्षाला असलेल्या अश्लेषानं वर्षभर डोकेफोड करून हे जमवलं होतं, पण स्वतःच्या धडधाकट हातावर. प्रात्यक्षिकासाठी म्हणून तिनं जतहून मल्हारला बोलावलं. तो मेंढपाळ, उजवा पंजा कडबाकुट्टीत गेलेला.

मल्हार आला तो उजव्या हाताच्या उरलेल्या भागाला तेल चोळून, वर बिरोबाचा भंडारा माखून. चांगल्या कामाला निघालेला माणूस दुसरं काय करणार! पण तेलकट हळदीवर चकत्या धड चिकटेनात. पुसा म्हणायचं अश्लेषाच्या ओठांवर आलं, तेवढ्यात तिचे सर प्रात्यक्षिक बघायला आलेल्या पाहुण्यांना घेऊन आत आले. त्यांच्यादेखत देवाचा भंडारा पुसायला सांगायची तिची हिंमत झाली नाही.

"मूठ आवळा," ती म्हणाली. पडदा ढिम्म. सर घसा खाकरू लागले. मग अश्लेषाबाईंनी हळूच कीबोर्डवरची कळ दाबली. मूठ मिटली. टाळ्या पडल्या.

पाहुणे चहाला गेले. मल्हारच्या डोळ्यांत पाणी होतं. "ताई, माजं ऐकलं की त्यानं! आता उद्या मिरजेला जात न्हाई. तितं दवाखान्यात हाताला लोखंडी आकडा बसवनार हुते. असला हात मिळनार म्हटल्यावर आकडा कशाला?"

अश्लेषाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आकड्यानं त्याला निदान मेंढरू तरी धरता आलं असतं.

"दादा, तो हात मी हलवला. कळ दाबून. आणि हा पडद्यातून बाहेर यायला कैक वर्षं लागतील. उद्या मिरजेला जाच."

मल्हारनं भंडारा माखलेला हात वर केला. "म्हंजी माजं कायच पोचलं न्हाई?"

"भंडाऱ्यामुळे चकत्या..."

"आवं, मग सांगायचं की! द्येव काय रुसत न्हाई."

त्यानं स्वतःच हात धुतला. तिनं चकत्या लावल्या आणि आपले दोन्ही हात मांडीवर ठेवले. मल्हारनं नसलेली मूठ आवळली. पडद्यावरची मूठ मिटली, खरोखरच मिटली.

"तुम्ही केलंत! तुम्हीच!" अश्लेषा ओरडली.

मल्हारचं पडद्याकडे लक्षच नव्हतं. त्यानं तिच्या हातांकडे पाहिलं, वाकून टेबलाखाली पाहिलं, मग दाराकडे.

"आता कुनी दाबलं?" त्यानं विचारलं.