पहिलं लिहिलेलं

आई घर सोडून गेल्यापासून नात अगदी मिटून गेली होती. तिचा जीव रमावा म्हणून आजोबांनी तिच्या खोलीतल्या भिंतीला फळ्याचा काळा रंग दिला. नव्या फळ्यावर आधी खडू आडवा धरून सगळीकडे घासावा लागतो, नाहीतर पहिलं लिहिलेलं जात नाही, हे ते घाईत विसरले.

नातीने टपोऱ्या अक्षरांत लिहिलं, ‘आई कधी येणार?’

आजोबांनी ओल्या फडक्याने भिंत खसाखसा पुसली. वाळल्यावर अक्षरं पुन्हा दिसू लागली.

“अहो आजोबा, भिंतीला भोक पडेल! पुसताय कशाला? उत्तराला जागा सोडलीये मी. लिहा ना, तुम्हाला सगळं येतं.”

परत येणार नाही, असं सुनेने फोनवर स्पष्टच सांगितलं होतं. आजोबांनी फडकं पुन्हा ओलं केलं.