हिरव्या रंगाखालची फळी

मी होडीतली मधली फळी. वल्हवणारा माझ्यावर बसतो. टास्मानियातल्या हुऑन नदीवर, ॲल्युमिनियमच्या एका जुन्या होडीत माझी बासष्ट वर्षं गेली.

होडीबरोबर आलेली मूळ फळी चार हिवाळ्यांत कुजली. तिच्या जागी वॉल्टरने मला बसवलं आणि त्याच दुपारी घाईघाईने हिरवा रंग फासला. मुलांना सांगितलं, खोक्याचं साधं लाकूड आहे. पुढे रंगावर रंग चढत गेले. मी कोण, हे कुणी विचारलंच नाही.

वॉल्टर गेला. त्याची मुलं, थेल्मा आणि डेस, आळीपाळीने माझ्यावर बसून वल्हवता वल्हवता म्हातारी झाली. मग डेसची नजर गेली. तीस वर्षं लाकडाच्या गिरणीत काढलेला हा माणूस खुर्चीतून उठेना. होडी सफरचंदाच्या झाडाखाली पडून राहिली. माझे स्क्रू गंजले, एका टोकाला चीर गेली.

थेल्मा एकाहत्तरची, गुडघे दुखरे. तरी तिने ठरवलं, ईस्टरला डेस होडीत बसणार म्हणजे बसणार. डेस म्हणाला, जुन्या फळ्या कशाला उजळतेस, प्लायवुड ठोक आणि मोकळी हो. तिने ऐकून घेतलं आणि स्क्रू-ड्रायव्हर उचलला. तीन दिवस ती त्या गंजलेल्या स्क्रूंशी झगडली. मग खरवडायला बसली. पांढरा थर गेला, करडा गेला, निळा गेला, शेवटी हिरवा. खालून पिवळाधमक कीस निघाला, मधासारख्या वासाचा. तिला काही कळेना. मूठभर घेऊन ती डेसकडे गेली.

त्याने तो नाकाशी धरला. मग भिंत चाचपत, सात महिन्यांत पहिल्यांदा, पायऱ्या उतरून अंगणात आला. थुंकीने अंगठा ओला करून माझ्या टोकावरून फिरवला.

"हुऑन पाइन आहे गं ही, पाण्यातही न कुजणारं ते महागडं लाकूड. आईच्या कपाटाच्या दाराची फळी. बाबा म्हणाले होते, पुरात वाहून गेली."

थेल्मा तिथेच पायरीवर बसून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. "आणि आई बिचारी मरेपर्यंत कपाटाला पडदा लावून होती."

पुढचं काम डेसच्या बोटांनी केलं. चिरेत सरस भरला, शिकंज्यात आवळून ठेवलं, बारीक कागदाने घासलं, तेल मुरवलं. कुठे डाग राहिलाय, ते थेल्मा सांगायची. धातूला टेकते तिथे माझ्याखाली रबराच्या पट्ट्या घातल्या आणि न गंजणारे बोल्ट लावले.

ईस्टरच्या सकाळी काठावर डेस अडला. म्हणाला, मी मागे बसतो सामानासारखा. थेल्माने वल्ही त्याच्या हातात दिली.

"वल्हवणाऱ्याची पाठच असते पुढे. तुला काय दिसायचं होतं? बस मुकाट्याने."

तो बसला. दोनदा आम्ही लव्हाळ्यात शिरलो, दोनदा बाहेर पडलो.

डाव्या बोल्टापाशी गंजाचा काळा डाग आहे, तो निघणार नाही. असू दे. वर्षातून एकदा तेल लावा, पण रंग नको. आणि डेस, तुझा उजवा हात अजून कमी पडतो. उद्या पुन्हा ये.